बिल्ला मुलाचा, पाठबळ पालकांचे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पालकवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे आमचे शिक्षण. तेवढ्या शिदोरीवर भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुले शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. शाळेत स्काउट पथकाचे काम आमच्याकडे असे, आणि घरी आमचे चिरंजीवही त्याच वाटेने पायरी-पायरीने वर चढत होते. त्यामुळे मुलगा स्काउट झाला म्हणजे बापाने काय करावे आणि काय करू नये, हा विषय आम्ही मास्तरांच्या आणि पालकांच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. आजचे बोलणे तेवढ्यापुरतेच आहे.

हल्ली आपल्या समाजातील बरेच पालक आम्हांस भेटतात व विचारतात, “गुरुजी, स्काउटमध्ये घातले तर दहावीला किती गुण वाढतील?” राज्य किंवा राष्ट्रपती पुरस्कार मिळविणाऱ्या मुलांस शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याची सोय आहे, हे खरे. मुलाच्या भल्याचा विचार करणाऱ्या पालकास त्याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु गुणांचा हिशेब पहिला आणि विद्या मागाहून, असा क्रम लागला की घरात एक विपरीत गोष्ट सुरू होते. मुलाची नोंदवही वडील लिहू लागतात, प्रतिकृती बाजारातून विकत येते, गाठी मारलेला फलक थोरला भाऊ तयार करून देतो, आणि मुलगा फक्त गणवेश घालून उभा राहतो. त्याच्या बाहीवर बिल्ला येतो, हातात मात्र काही येत नाही.

या चळवळीचे मूळ थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले. श्रीमंतांच्या शाळांतील आणि कष्टकऱ्यांच्या घरांतील मुले त्यांनी एकाच तंबूत आणली. हिंदुस्थानात 1909 साली ही चळवळ आली, तेव्हा तिचे दार प्रथम केवळ युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीच उघडे होते. पुढे 1916 साली डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेकडे, आणि त्यानंतर लवकरच पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समितीच्या द्वारे, भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर या निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली.

आपला भंडारा जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात व पुढे मध्य प्रदेशात होता. त्याच नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी प्रांताच्या स्काउट कार्याची धुरा अनेक वर्षे वाहिली. ते पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तरीही मुलांच्या या कामाचा त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. जुन्या प्रांताचे थंड हवेचे ठिकाण जे पचमढी, तेथेच 1956 पासून संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तेव्हा ही विद्या आपल्या मुलुखास परकी आहे, असे कोणी समजू नये.

आता पायऱ्यांविषयी. लहान मुले कब म्हणून येतात. त्यांचे ब्रीद ‘कोशिश करो’. दहा वर्षांनंतर मुलगा स्काउट होतो, त्याचे ब्रीद ‘तयार’. प्रथम प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, असा हा जिना आहे. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची आणि शेवटच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी असते. दोन पायऱ्यांमध्ये काही महिने काम करावे लागते, ते टाळता येत नाही. म्हणून नववीत जागे होऊन दहावीपूर्वी जिना चढू म्हणणाऱ्याची गाडी चुकलीच असे समजावे. पाचवी-सहावीत ज्याने सुरुवात केली, त्यालाच सवड सापडते. पालकांनी पहिली मदत करावयाची ती हीच, वेळेवर आरंभ करून देण्याची.

प्रत्येक सोपानात काय शिकवितात, हे वडिलांनी एकदा बसून मुलाकडून समजून घ्यावे. गाठींचेच उदाहरण घेऊ. रीफ नॉट सपाट बसते आणि सहज सुटते, म्हणून ती पट्टी बांधण्यास वापरतात. एक दोर जाड व एक बारीक असला तर त्यांस शीट बेंडने जोडतात. बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून तो घालून त्यास वर ओढता येते. क्लोव्ह हिच तर खुंट्याला दोर बांधण्याची गाठ. आपल्या घरातील आजोबांना तिचे इंग्रजी नाव ठाऊक नसेल; पण बैल बांधताना आणि तट्ट्या उभारताना अशाच गाठींनी त्यांचे हात घडलेले असतात. मुलाने ती गाठ आजोबांसमोर मारून दाखवावी आणि आजोबांनी आपली त्याला शिकवावी. सूर्यावरून दिशा ओळखणे, काठीच्या साह्याने झाडाची उंची वा नदीची रुंदी अजमावणे, लाकडे पेटवून उघड्यावर स्वयंपाक करणे, या सर्व गोष्टी आपल्या शेतात आणि वैनगंगेच्या काठी फुकट शिकता येतात.

किंबहुना आम्ही असे म्हणू की, आपल्या कोहळी समाजास तर ही विद्या वारशानेच मिळाली आहे. या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि त्या तलावांपैकी कितीतरी आपल्या पूर्वजांनी बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव, जो 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात गेला, तो कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. त्या लोकांजवळ ना दुर्बीण होती, ना नकाशा. डोंगराचा उतार कोणीकडे, पावसाचे पाणी कोठून येईल, पाळ कोठे घातली तर ती टिकेल, हे ते नजरेने आणि पायांनी ओळखीत. तलाव फुटला असता तर अख्खे गाव उपाशी राहिले असते. म्हणून त्यांच्या कसबात खोटेपणास जागाच नव्हती. पाळ बांधली असे नुसते सांगून भागत नसे, पाणी ती पाळ तपासून पाहत असे.

बिल्ल्याचेही अगदी असेच आहे, आणि आजच्या बोलण्याचे सारही हेच. बिल्ला म्हणजे मुलाने गावास दिलेला शब्द आहे. ज्याच्या बाहीवर प्रथमोपचाराचा बिल्ला आहे, तो जणू सांगत असतो की, “प्रसंग आला तर मला हाक मारा, मला येते.” रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करणाऱ्या बाईस साप चावला, तर खरा शिकलेला मुलगा जखमेवर चिरा देऊ देणार नाही, विष चोखू देणार नाही, करकचून दोरी आवळू देणार नाही. तिला धीर देईल, चावलेला हात वा पाय काठीच्या आधाराने हलणार नाही असा बांधील, आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेण्याची घाई करील. चुलीवर पोळलेल्या लेकरास तो शाई किंवा तेल लावू देणार नाही, भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरील. तलावात कोणी बुडत असेल तर घाबरून स्वतः उडी टाकणार नाही. आरडाओरडा करील, दोर, धोतर किंवा बांबू पुढे करील. आता विचार करा, हाच बिल्ला जर वडिलांच्या ओळखीने किंवा दुसऱ्याच्या हाताने मिळालेला असेल, तर त्या क्षणी काय होईल? गाव विश्वासाने त्या मुलाकडे धावेल, आणि त्याला काहीच ठाऊक नसेल. परीक्षेतील खोट्या गुणांनी एका मुलाचे नुकसान होते. खोट्या बिल्ल्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

मग पालकांनी करावे तरी काय? पहिली गोष्ट, मुलास वेळ द्यावा. संध्याकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसावे. त्याने आपल्या हातावर पट्टी बांधावी, आपण त्याचा रोगी व्हावे. दुसरी गोष्ट, हात आवरावा. मुलगा गाठ चुकला की बापाचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्यावा. नोंदवही वेडीवाकडी असली तरी त्याचीच असू द्यावी. तिसरी गोष्ट, अपयशात त्याच्यापाशी उभे राहावे. आमचे चिरंजीव स्वयंपाकाच्या चाचणीत प्रथम नापास झाले. भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. परीक्षक आमच्या परिचयाचे होते, आणि आम्ही एक शब्द टाकावा, असे आमच्या नातलगांचे म्हणणे पडले. आम्ही तो टाकला नाही. पुढे महिनाभर आमच्या घरी दर रविवारी अंगणात तीन दगडांची चूल पेटत असे, आणि जो भात होईल तो सर्वांनी मुकाट्याने खावा, असा आमच्या सौभाग्यवतींनी दंडक घातला होता. दुसऱ्या वेळी मुलगा उत्तीर्ण झाला. तो बिल्ला त्याने आजही जपून ठेवला आहे, कारण त्यात त्याचा घाम आहे.

चौथी गोष्ट मातांसाठी आहे. शिबिरास पाठविताना आईचे काळीज धास्तावते. मुलगा थंडीत जमिनीवर निजेल, स्वतःची भांडी घाशील, कोणी लाड करणार नाही. माउलींनो, त्याकरिताच तर त्यास पाठवावयाचे! बरोबर जबाबदार शिक्षक कोण, मुक्काम कोठे, जवळ दवाखाना आहे काय, पाण्याजवळ देखरेख कोण करणार, हे अवश्य विचारा. तो तुमचा हक्कच आहे. उत्तरे समाधानकारक मिळाली की मग हसतमुखाने निरोप द्या. मुलींनाही हाच न्याय लावावा. गाईड पथकाच्या दारातून आपल्या लेकींनीही तितक्याच धिटाईने आत जावे.

पाचवी गोष्ट जरा नाजूक आहे, परंतु जातीच्या मेळाव्यातच ती बोलणे योग्य. स्काउटचे नियम नऊ आहेत. त्यांपैकी एक असा की, स्काउट सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, आणि त्यात कोणत्या घरचा मुलगा कोणत्या घरच्या मुलाशेजारी येईल, हे जात पाहून ठरत नाही. एका भांड्यात भात शिजतो, एका पंगतीत सर्व जेवतात, आणि डावा हात पुढे करून हस्तांदोलन होते. आपल्या मुलाने घरी येऊन त्या मित्रांची नावे सांगितली, तर कोणी आडनावाची चौकशी करू नये. उलट त्या मित्रांना आपल्या ओसरीवर जेवावयास बोलवावे. आपले मंडळ आपल्या समाजाच्या उन्नतीसाठी आहे. आणि ज्या समाजाची मुले सर्वांच्या उपयोगी पडतात, त्या समाजाची उन्नती कोणी रोखू शकत नाही. आपल्या पूर्वजांच्या तलावांनी पाणी देताना कोणाचे शेत कोणाचे, हे कुठे पाहिले?

शेवटी मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. गणवेश, स्कार्फ व बूट यांचा खर्च धानाच्या भावावर जगणाऱ्या घरास जड जातो. मुले भराभर वाढतात आणि चांगले गणवेश पेटीत पडून राहतात. मंडळाने ते गोळा करून गरजू मुलांस द्यावेत. यास पैसा लागत नाही, फक्त एक कपाट आणि एक कळकळीचा माणूस लागतो. दुसरी सूचना अशी की, दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, त्यात सोपान व पुरस्कार मिळविणाऱ्या मुलामुलींसही बोलवावे. परंतु नारळ आणि शाल देण्यापूर्वी त्यांस याच व्यासपीठावर काहीतरी करून दाखविण्यास सांगावे. कोणी पट्टी बांधावी, कोणी दोन काठ्या व दोन सदरे घेऊन डोली करून दाखवावी. सभेतील चार माणसांना ती विद्या तेथल्या तेथे मिळेल, आणि पालकांनाही कळेल की येथे उसना बिल्ला चालत नाही.

बंधुभगिनींनो, आपली मुले मोठ्या हुद्द्यावर जावोत, ही आमची इच्छा आहेच. परंतु गावात कोणी संकटात सापडले असता, “त्या पोराला बोलवा, त्याला येते,” असे चार माणसांनी म्हणावे, याहून मोठा सन्मान आम्हांस ठाऊक नाही. तो सन्मान मिळविणे मुलाच्या हाती आहे, आणि त्याकरिता त्यास धीराने वाट करून देणे आपल्या हाती आहे.