अंड्याचे आप्पे

चूल हा माझा विषय नव्हे. मीं आयुष्यभर व्याकरण शिकविलें. परंतु सकाळच्या घाईंत सूनबाई डब्यावांचूनच कचेरीस जाऊं लागल्या, तेव्हां मला स्वस्थ बसवेना.

४ अंडीं फोडावीं. त्यांत २ चमचे दूध, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरची व मीठ घालून सारें एकजीव करावें. आप्पेपात्राच्या खळग्यांस तेल लावून ते पाऊण भरावे, झाकण ठेवून मंद आंचेवर ५ मिनिटें शिजूं द्यावें व मग आप्पे उलटावे.

पहिल्या दिवशीं मीं जाळ मोठा केला. आप्पे टम्म फुगले, लागलीच बसले आणि चिवट झाले. कारण उघड आहे : प्रखर उष्णतेनें अंड्यांतील प्रथिनें आवळतात व आंतील पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून घाईचा पदार्थ असला तरी आंच मंदच हवी.

आप्पे आंतपर्यंत घट्ट शिजलेले असावे. ते निवल्यावर डबा बंद करावा व कचेरींत पोंचतांच फ्रिजमध्यें ठेवावा.

परवां डबा रिकामा परत आला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र दुसऱ्या दिवशीं पहांटे ओट्यावर ४ अंडीं काढून ठेवलेलीं होतीं.