खटके नसलेला गिअर



माझ्या जुन्या सायकलच्या गिअरच्या दांडीला खटके नाहीत. शिमानोच्या ड्युरा-एस गिअरला १९८४ साली खटके आले. एका खटक्याला केबल ठरावीकच ओढली जाते. सोय मोठी, पण केबल ताणली की गिअर अडखळतो. माझी दांडी नुसत्या घर्षणावर थांबते. साखळी कुरकुरली, की दांडी केसभर सरकवायची, आवाज थांबतो.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. वीस वर्षं सॉफ्टवेअर केलं. कुठे चुकलं ते कुणी सांगितलं नाही. तेव्हा रोज पहाटे सायकल काढायचे. तिथे चूक ऐकू यायची आणि माझ्याच बोटांनी सुधारायची.

आपल्या बाईही वहीत नुसती फुली मारत नसत. शेजारी बसून चुकलेली पायरी दाखवत. बाई, ते आजही पुरतंय.