घरची मोरी आणि गावची गटार
(मच्छे येथील नागरिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोरी, मैला, गटार यांचे नाव भल्या माणसांनी चारचौघांत काढू नये, असा आपला जुना संकेत आहे. तो आज आम्ही मोडणार आहोत, कारण संकेत पाळल्याने गटार वाहती होत नाही.

भुयारी गटार म्हटली की रस्त्याखालची मोठी वाहिनी तेवढी सार्वजनिक. घराच्या मोरीपासून त्या वाहिनीपर्यंतची नळी घरमालकाची. ती घालायची त्याने, फुटली तर दुरुस्त करायची त्याने. ही बहुतेक ठिकाणची रीत. मग या खाजगी नळीच्या दुरुस्तीला सार्वजनिक तिजोरीतून अनुदान द्यावे काय? अमेरिकेतील कित्येक शहरांपुढे हा प्रश्न आला आहे. ग्रामपंचायतीचे मच्छे आता नगरपंचायतीचे झाले. औद्योगिक वसाहतीमुळे भाडेकरूंच्या खोल्या वाढल्या, विद्यापीठही येथेच आहे. मच्छ्याने हा प्रश्न हाती घेण्यास मुहूर्त पाहण्याचे कारण नाही.

"ज्याचे घर त्याने निस्तरावे, शेजाऱ्याच्या करातून माझी नळी का दुरुस्त व्हावी?" हा आक्षेप पोकळ नव्हे. कष्टाने घरपट्टी भरणाऱ्याला तो सुचणारच. परंतु नळी खाजगी असली तरी तिच्यातून झिरपणारा मैला खाजगी राहत नाही, त्याला काय करावे?

लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने सहाशेंहून अधिक माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी त्या गल्लीतील हातपंपावर बोट ठेवले. पंपाचा दांडाही काढण्यात आला. परंतु विहिरीत विष आले कोठून? पुढील वर्षी ४० क्रमांकाच्या घरापुढे खणून पाहिले, तेव्हा त्या घराच्या मैलाकुंडाचे विटकाम कुजलेले आढळले. कुंड आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते. त्याच घरातील एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी त्या कुंडात गेले होते. एका घराची फुटकी मोरी, आणि शेकडो घरांत प्रेते! त्या घरमालकाला दुरुस्तीपुरते चार पैसे कोणी दिले असते, तर तो खर्च अनाठायी ठरला असता काय?

आपल्याकडचा पाऊस तुम्ही जाणताच. फुटक्या सांध्यांतून उन्हाळ्यात मैला बाहेर झिरपतो, पावसाळ्यात जमिनीतले पाणी आत शिरते. वाहिनी तुडुंब भरते आणि सखल भागातील मोरीतून घाण उलटी वर येते. ज्याच्या घरात ती येते, त्याची नळी कदाचित नवीकोरी असते! बळ्ळारी नाल्यातून शहराची घाण शहापूर-वडगावच्या भातशेतीत कशी शिरते, हे येथल्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. शिवाय वाहिनी तुंबली की कोणाला तरी चेंबरमध्ये उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने यास मनाई आहे. तरीही माणसे गुदमरून मरतात, म्हणूनच २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृताच्या वारसांस ३० लाख रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला.

खाजगी घरावर सार्वजनिक पैसा खर्च करणे हे नवलही नाही. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात खेड्यातील पात्र कुटुंबास शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळू लागले. शौचालय तरी कोणाचे, सरकारचे की घरमालकाचे? पात्र सार्वजनिक हिताचे ठरते आणि त्याखालची नळी मात्र खाजगी चैन, हा न्याय आम्हांस उमगत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तर १ ऑक्टोबर २०११ रोजी अनेक घरांच्या सामाईक खाजगी वाहिन्या आणि घराच्या हद्दीबाहेरील नळ्या सांडपाणी कंपन्यांच्या ताब्यात देण्यात आल्या. हद्दीच्या आतली, एकाच घराची नळी तेवढी मालकाकडे राहिली. ही वाटणी आम्हांस शहाणपणाची वाटते.

तथापि अनुदान म्हणजे खिरापत नव्हे. दहा खोल्यांचे भाडे घेणाऱ्या चाळमालकास फुकट पैसा देण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. त्याला हवे तर कर्ज द्या, ते घरपट्टीबरोबर हप्त्यांनी वसूल करा, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने भाडे वाढवणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्या. मैल्यात पाय ठेवून कामाला जातो तो भाडेकरू. अनुदानाचा अर्ज मात्र मालकाच्या नावाने, अशी ही गंमत आहे! निवृत्तिवेतनावर जगणारी विधवा, रोजंदारीवरचा घरमालक यांना मात्र पूर्ण खर्च मिळाला पाहिजे. पैसे द्यायचे ते नळीत पाणी सोडून, चेंबर उघडून पाहिल्यावर. ठेकेदाराच्या कागदी पावतीवर नव्हे.

आणि हे सर्व रस्ता काँक्रीटचा होण्याआधी. आधी रस्ता, मग खोदाई, मग ठिगळ, हा क्रम आपण पुष्कळ पाहिला. म्हणून आपल्या गल्लीत रस्त्याचे काम निघेल, त्या दिवशी प्रभागातील सदस्याला गाठून एवढेच विचारा, की या रस्त्याखालून किती घरांच्या नळ्या जातात आणि त्यांतील किती तपासल्या. उत्तर लेखी मागा.