प्रत्येक प्रवेशिकेला उत्तर



तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच वाई गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. 1976 साली पहिला खंड निघाला. नोंद तपासल्याखेरीज छापायची नाही, ही शिस्त वाईने जवळून पाहिली आहे. म्हणून या संमेलनासाठी ‘कृष्णाकाठ’ या विषयावर लेखन आणि छायाचित्र स्पर्धा ठरली, तेव्हा बक्षिसांच्या आधी आमच्या स्वागत समितीने परीक्षणाचा विचार केला.

गावच्या स्पर्धेत सगळे सगळ्यांना ओळखतात. गुरुजी तर अक्षरावरून विद्यार्थी सांगतात. त्यामुळे लेख टंकून घेतले, नावे काढली, क्रमांक दिले. प्रत्येक लेख दोघांनी स्वतंत्रपणे वाचला. गुणांत फार तफावत पडली, तिथे तिसऱ्याने वाचला.

छायाचित्रांनी खरी कसोटी पाहिली. उजेड कमी-जास्त करणे, कडा कापणे मान्य. आभाळ बदलणे, विजेच्या तारा पुसणे अमान्य. मूळ फाइल मागितली, ती यासाठी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने 2018 साली आपल्या वन्यजीव स्पर्धेतले एक विजेते चित्र बाद केले, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. एवढ्या मोठ्या संस्थेने दिलेले बक्षीस काढून घेतले, याचा मला आदर वाटतो. आम्ही घरट्यातल्या पिलांची चित्रे घेतली नाहीत. माणूस फार जवळ गेला तर पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायकांची, त्यांना न विचारता टिपलेली चित्रेही बाजूला ठेवली. त्यावर समितीत बराच वाद झाला. माझे मत आजही तेच आहे: चित्र कितीही देखणे असले, तरी घाट आधी त्या बायकांचा आहे.

बक्षिसे थोड्यांनाच मिळतील. पण प्रत्येक प्रवेशिकेवर परीक्षकांनी शेरा लिहिला आहे. ‘छान प्रयत्न’ एवढेच लिहून आलेले शेरे आम्ही परत पाठवले. लिहिणाऱ्याला नेमके कळले पाहिजे, की ढोल्या गणपतीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, पण वडील रात्रभर हळद शिजवत होते तो परिच्छेद फक्त तुमचाच आहे, तो वाढवा. परीक्षकांनी यासाठी वेळ मोडला. त्यांचे ऋण मोठे आहे.

शेऱ्यांची पाकिटे मांडवाच्या दाराशी ठेवली आहेत. आपले पाकीट घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये. शेरा पटला नाही, तर दुपारी परीक्षक इथेच बसणार आहेत. त्यांना निःसंकोच विचारा.