स्टे म्हणजे हार नाही
(वनमजुरांच्या बैठकीतलं भाषण)



कामगार कोर्टानं 'कामावर परत घ्या' म्हणून निकाल दिला. मग समोरचा औरंगाबादच्या हायकोर्टात जातो, स्टे आणतो. गावात लगेच बोलतात, केस हरलो. तसं नाही. स्टेनं निकाल थांबतो, रद्द होत नाही. अन् नुसतं अपील केलं म्हणून निकाल थांबत नाही. कोर्टाचा तसा हुकूम लागतो. साहेब 'अपील केलंय' म्हणाला तर हुकूम दाखव म्हणा.

पण तोवर चूल कशी पेटायची? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कलम १७-ब होतं, त्यातला नियम लक्षात ठेवा. कामावर परत घ्यायचा निकाल असेल, तर वरच्या कोर्टात केस चालेपर्यंत शेवटचा होता तेवढा पूर्ण पगार द्यावा लागतो. आपण दुसरीकडे नोकरीला नाही, असं प्रतिज्ञापत्र त्या कोर्टात द्यायचं. घरी बसून ते पैसे येत नाहीत.

पुणे-नगरच्या वनमजुरांच्या निकालाविरुद्ध वनखातं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. डिसेंबर १९९५ मध्ये तिथंही मजूरच जिंकले. त्यांनी मधेच केस सोडली नाही.

म्हणून हजेरीचे कागद, निकालाची नक्कल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. तारीख चुकवू नका.