दुसऱ्या वर्षी चाक कोण बसवणार?

फिजिओथेरपी-ऑक्युपेशनल थेरपीच्या नव्या पदवीधरांनो,

तुमच्यापैकी काहींनी आफ्रिकेतल्या शिबिरांसाठी स्वयंसेवक म्हणून नावं दिली आहेत, असं मघाशी कळलं. कृत्रिम पाय बसवायचे, चाकाच्या खुर्च्या द्यायच्या. जरूर जा. फक्त आयोजकांना आधी विचारा, की आपण परतल्यावर दुसऱ्या वर्षी मोडलेलं चाक कोण बसवणार? उत्तर देताना ते चाचरले, तर दुसरं शिबिर शोधा.

या कामात आपल्या देशाचं नाव मोठं आहे. जयपूरचे रामचंद्र शर्मा, म्हणजे सगळ्यांचे मास्टरजी, फारसे शिकलेले नव्हते. हातात मात्र कारागिरी होती. त्यांनी आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला. परदेशी कृत्रिम पावलाला बूट लागायचा, उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालता यायची नाही. इथला माणूस अनवाणी शेतात उतरणारा, पंगतीत जमिनीवर बसणारा. त्याला असला पाय काय कामाचा? मुंबईच्या सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातात पाय गमावूनही पुन्हा नाचल्या, त्या याच पायावर. त्यांच्यावरचा ‘नाचे मयूरी’ चित्रपट तुमच्या पालकांना आठवत असेल. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिने हा पाय आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत नेला. २०१८ पासून आपलं परराष्ट्र मंत्रालयही अशा शिबिरांच्या पाठीशी उभं राहिलं.

शिबिरात नुसतं बघत उभं राहिलात, तरी बरंच शिकाल. कापून उरलेल्या पायावर पायमोजा चढवतात. हाड कुठे टोचतं, भार कुठे पेलवतो, तिथे शाईच्या पेन्सिलीने खुणा करतात. वर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. साचा सुकून निघाला की त्या खुणा आतून उमटलेल्या असतात. मग शेतात पाणी नेतो तसला एचडीपीई प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून त्या साच्यातून ओतलेल्या पायाच्या नमुन्यावर ओढतात; हेच सॉकेट. माणूस पहिल्यांदा उभा राहतो आणि सगळे मोबाइल वर होतात. तुम्ही तेव्हा त्याच्या कमरेकडे बघा. एक बाजू झुकली असेल, तर पायाची उंची चुकली असू शकते. तो बोलणार नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार करायला माणूस बिचकतो, तिकडेही आणि इकडेही.

शिवाय उरलेला पाय काही महिन्यांत आटतो आणि सॉकेट ढिलं पडतं. मुलांचं तर वाढतं अंग. शिबिर तोवर गाशा गुंडाळून गेलेलं असतं.

खुर्चीचं दुखणं याहून वाईट. मापापेक्षा रुंद खुर्चीत पाठ वाकडी होते. कमरेखाली संवेदना नसलेल्याला गादी चुकीची मिळाली, तर बेडसोअर होतो आणि त्यात जीवही जातो. गुळगुळीत लाद्यांसाठी केलेली पुढची बारकी चाकं मातीत रुततात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की खुर्ची माणसाच्या मापाची, त्याच्या रस्त्याला चालणारी आणि त्याच देशात परवडेल अशा खर्चात दुरुस्त होणारी हवी. तरी ‘इतक्या खुर्च्या दिल्या’ हा आकडा अजून बॅनरवर झळकतो. माझ्या मते तो आकडा निरर्थक आहे. वर्षभराने त्यातल्या किती फिरताहेत, ते लिहा.

राल्फ हॉचकिस हे अमेरिकी अभियंते स्वतः खुर्ची वापरणारे. १९८० मध्ये ते निकाराग्वाला गेले, तर तिथे चार मुलं मिळून एक खुर्ची वापरत होती आणि ती डागडुजी करून टिकवत होती. हॉचकिस त्यांच्याकडूनच शिकले आणि पुढे देशोदेशींच्या छोट्या कारखान्यांत स्थानिक सामानातून खुर्च्या बनू लागल्या. आपली हाताने चालवायची तीनचाकी सायकल तरी का टिकते? सायकलवाला कुठल्याही तालुक्यात सापडतो म्हणून.

परदेशी जाण्याआधी एक रविवार इथेच काढा. एखाद्या चाकाच्या खुर्चीवाल्याबरोबर अंधेरीहून घाटकोपरला जा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत लिफ्ट आहे. लिफ्टबाहेर पडल्यावर मात्र खोदलेला रस्ता, फुटपाथवरच्या दुचाक्या आणि ‘जरा सरका’ म्हणणारी गर्दी. तिकडे खुर्ची देण्याआधी गावच्या रस्त्याबद्दल काय विचारायचं, हे इथेच कळेल. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून पुनर्वसनाचं काम करते आहे. तिथेही जाऊन या.

आणि निघाल तेव्हा बॅगेत दोन कपडे कमी भरा. पान्यांचा संच, जादा ट्यूब आणि बेअरिंग घ्या, तिथल्या एका पोराला दुरुस्ती शिकवा आणि परतताना ते सामान त्याच्याकडेच ठेवून या.