पाणी चढायच्या आधी



पाऊस तोंडावर आलाय. घरोघरी बियाण्याची, खताची, शेळ्यांच्या लसीची बोलणी चालू असतील. आज मी मात्र समुद्राबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीच्या बायकांना समुद्राचं काय? थोडं ऐका. बोलणं शेवटी आपल्या कृष्णाकाठावरच येणार आहे.

फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचं गाव आहे. नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी तिथं राहायचे. १९७१ च्या युद्धात त्यांना वीर चक्र मिळालं होतं. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीची फेरी मारावी, ही कल्पना त्यांची. नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी ती मनावर घेतली. २००९ च्या ऑगस्टमध्ये ते ‘म्हादेई’ बोटीतून मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मेमध्ये परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

पण दोंदे एकदम निघाले नाहीत. बोट गोव्यात त्यांच्या डोळ्यांसमोर बांधली गेली, त्यामुळं कुठला दोर कुठं जातो हे त्यांना पाठ झालं. मग सोबत्यांबरोबर मॉरिशसला गेले आणि परतीला एकटे आले. तेव्हा कुठं मोठ्या फेरीला हात घातला.

पुढं याच दोंदे सरांनी सहा महिला अधिकाऱ्यांना शिकवलं. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता. यातल्या वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचलच्या, विजयादेवी मणिपूरच्या. म्हणजे चौघी डोंगरी मुलखातल्या, आपल्यासारख्याच समुद्रापासून लांब वाढलेल्या. आधी वर्गात बसून वारा, नकाशे, हवामान शिकल्या. मग म्हादेईवर चढल्या. विशाखापट्टणमहून गोवा, नंतर मॉरिशस, नंतर केपटाऊन. दर खेपेला पल्ला थोडा लांबचा.

१० सप्टेंबर २०१७ ला ‘तारिणी’ बोट घेऊन त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परत आल्या. २५४ दिवस, चाळीस हजार किलोमीटर. बोट केवढी? ५५ फूट. आपल्या दीड एसटीएवढी. त्यात सहा जणींचं झोपणं, रांधणं, पाळीपाळीनं जागणं. वाटेत ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आणि दुमजली घराहून उंच लाटा. आवटी साहेब त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले. या मुली सुखरूप परत आलेल्या त्यांनी पाहिल्या.

आता मुद्द्याचं सांगते. समुद्रात नुसतं धाडस कामाचं नाही. वेळेवर ओळखणं कामाचं. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून वारा सोसवत असतो तेव्हाच शीड आखडून घ्यायचं असतं. जोर वाढल्यावर ते शीड हाताला आवरत नाही. दर्यावर्दी लोकांचा नियमच आहे: ‘शीड कमी करावं का?’ असं मनात आलं, की तीच वेळ. मग वारा वाढला नाही तर काय बिघडलं? थोडी मेहनत वाया गेली, एवढंच.

दुसरी गोष्ट. वादळात आपल्याला वाटेल, किनाऱ्याकडं पळावं. पण किनाऱ्यालगत खडक असतात, उथळ पाण्यात लाटा फुटतात. कित्येकदा खोल पाण्यातच थांबणं बरं असतं. म्हणजे जीव घाबरला की पाय जिकडं वळतात, ती वाट बरोबर असेलच असं नाही. ते आधी शांतपणे शिकून ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट. केपटाऊननंतर तारिणीच्या सुकाणूत बिघाड झाला. मॉरिशसला थांबायचं ठरलेलं नव्हतं, तरी त्या थांबल्या. दुरुस्ती केली आणि मग पुढं निघाल्या. घर जवळ आलं असताना थांबायला जास्त धीर लागतो.

आता कृष्णाकाठावर येऊ.

२०१९ च्या पुरात मी माझ्या माहेरी होते. गाव नदीकाठचं. पाणी चढत होतं आणि घरातले म्हणत होते, “२००५ ला मारुतीच्या देवळाच्या पायरीशी थांबलं होतं, आताही तिथंच थांबंल.” मला आतून वाटत होतं, निघावं. पण बोलले नाही. माहेरवाशीण आली आणि उगं घाबरवायला लागली, असं म्हणतील म्हणून गप्प बसले. रात्री पाणी अंगणात आलं. अंधारात म्हशी सोडल्या, आईला हाताला धरून बाहेर काढलं. माणसं वाचली. पण गटाचं दप्तर माझ्या पिशवीत खाली राहिलं, ते भिजून लगदा झालं. अकरा बायकांचा हिशेब पुन्हा लिहायला तीन महिने गेले. चूक माझी. मनात आलं होतं, तीच वेळ होती.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. बायका गेल्या, लेकरं गेली. कुणाला दोष द्यायला मी हे सांगत नाही. पाणी दाराशी आलेलं असताना ‘मी पुढच्या खेपेला येते’ म्हणणं फार अवघड असतं. म्हणून ती वेळ येऊ न देणं, हेच खरं शहाणपण.

सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. आपण बहुतेक जण ४५ ची वाट बघतो. या दोन आकड्यांमधली वेळ आपली आहे. वारा सोसवतोय तोवर शीड आखडायचं, ते हेच.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गाव नदीकाठी असेल तर निघायची खूण आत्ताच ठरवा. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी असो, नाहीतर गावातला एखादा दगड असो. ती इतिवृत्तात लिहा, सह्या करा. मग त्या दिवशी घराघरात वाद नको. रेशनकार्ड, आधार, पासबुकं, गटाचं दप्तर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. जनावरं कुठं न्यायची ते ठरवा. गरोदर बाई, बाळंतीण, म्हातारी माणसं यांना कोण आधी घेऊन निघणार, त्यांची नावं लिहा. आणि बोटीत बसायची वेळ आलीच, तर आधी लाइफ जॅकेट मागा, माणसं मोजा, बोटवाल्यानं ‘पुरे’ म्हटलं की ऐका.

खूण आली आणि पाणी मात्र चढलंच नाही, तर लोक हसतील. हसू द्या. दोन दिवसांनी म्हशी घेऊन घरी परत या.

आणि घरात एखादी पोर नौदलात जायचं म्हणत असेल, तर ‘तू समुद्र तरी पाहिलायस का?’ असं तिला विचारू नका. त्या डोंगरातल्या चौघींची गोष्ट तिला सांगा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.